हातचे दोन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ सभासदांच्या सत्काराला उत्तर देताना केलेले भाषण)



सत्काराला उत्तर देण्यास जो उभा राहतो त्याने प्रथम आपण या सत्कारास पात्र नाही असे म्हणावयाचे असते, आणि श्रोत्यांनी तो विनय समजून सोडून द्यावयाचा असतो. ही रीत आम्हास ठाऊक आहे. परंतु मानपत्रात आमच्याविषयी ‘उभ्या आयुष्यात ज्यांचा हिशेब कधी चुकला नाही’ असे एक वाक्य आले आहे, आणि ते वाचले जात असताना समोर दुसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या सौ.ने ज्या नजरेने आमच्याकडे पाहिले, ती नजर पाहिल्यावर गप्प राहणे आम्हास शक्य नाही. म्हणून आज रूढीप्रमाणे आभार मानून खाली न बसता एका चुकलेल्या बेरजेची हकीकत सांगण्याची अनुज्ञा आपणाकडे मागतो.

आम्ही मूळचे वाईचे. कृष्णेच्या घाटावर लहानाचे मोठे झालो. पुण्यास एम. एस्सी. होऊन १९६४ साली संशोधनाच्या निमित्ताने काशीस आलो, १९६६ पासून येथील एका महाविद्यालयात गणित शिकवू लागलो आणि ३६ वर्षांनी, २००२ साली, निवृत्त झालो. मोगलसराय स्थानकावर (२०१८ पासून त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव आहे) आम्ही पत्र्याची एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन उतरलो, दुसऱ्या गाडीत बसलो, आणि गंगेवरील पुलावरून ती घाटांची चंद्रकोर प्रथम दृष्टीस पडली. दोन वर्षे राहून परत जावे असा त्या वेळी बेत होता. त्या बेताला आता ६१ वर्षे झाली.

या नगरीत मराठी माणसाला परकेपणा वाटू नये अशी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वनाथाचे मंदिर, शिंद्यांचे आणि भोसल्यांचे घाट, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून ऐकू येणारी मराठी हे सारे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. आम्हास मात्र दुसरीच एक परंपरा मोहात पाडीत असे. गोदावरीकाठच्या गोलग्रामाहून काशीस आलेल्या घराण्यातील कमलाकरांनी १६५८ साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा ज्योतिषग्रंथ येथे रचला. १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून येथील संस्कृत पाठशाळेत गणित शिकवीत होते. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले, सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद केला, आणि भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीच्या विवेचनात चलनकलनाचे बीज आहे, ही गोष्ट १८५८ साली विद्वानांपुढे मांडली. पुढे १९३२ साली कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतले ते काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून, वयाची चोविशी पुरी होण्याच्या सुमारास. त्यांचे चिरंजीव जयंतराव याच विश्वविद्यालयाच्या आवारात वाढले. घरातील फळ्यावर त्यांचे मोरूमामा आव्हानाचे गणित लिहून ठेवीत, आणि ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे, ही आठवण त्यांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्या चार नगरांतले पहिले नगर ही आपली काशी. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांस घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले.

या थोर नावांच्या पंगतीत बसण्याची आमची योग्यता नाही. ती नावे घेण्याचे कारण इतकेच की, तरुणपणी आम्हास आपण त्या पंगतीच्या निदान वाढप्यांत तरी आहोत असे वाटत असे, आणि या वाटण्यात विद्येपेक्षा अहंकाराचा भाग मोठा होता.

त्या अहंकाराला पहिला धक्का वर्गातच बसला. आम्ही ‘अपूर्णांक’ म्हणालो की मुले एकमेकांकडे पाहत, कारण त्यांचा शब्द ‘भिन्न’. आम्ही विकलन म्हणावे तर त्यांचे अवकलन. भूमिती त्यांची ज्यामिती. एकदा आम्ही ‘लसावि’ काढावयास सांगितला तेव्हा एका विद्यार्थ्याने अत्यंत आदराने उठून, लसावि हे कोणत्या ऋषींचे नाव, असे विचारले. पहिली दोन वर्षे आम्ही गणित शिकविले त्याहून अधिक हिंदी शिकलो.

१९६७ साली आमचे लग्न झाले आणि सौ. काशीस आली. तिचे शिक्षण मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत. परंतु तिच्या आजोबांनी तिच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे सारे पाढे संध्याकाळच्या परवच्याबरोबर म्हणवून घेतलेले होते. औट म्हणजे साडेतीन, हे नव्या पिढीला सांगावे लागेल. सात औट किती, असे विचारावे, तर आम्ही मनात गुणाकार मांडीपर्यंत ती ‘साडेचोवीस’ म्हणून भाजी चिरू लागलेली असे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची गरज सरली, असे आम्ही तिला शास्त्रीय भूमिकेवरून समजावून देत असू. ती ऐकून घेत असे.

तिची घरखर्चाची वही मात्र पाहण्यासारखी होती. महिन्याचे दिवस एकाखाली एक. दूध, भाजी, किराणा, दळण, टपाल ही सदरे एकापुढे एक. महिनाअखेर ती प्रत्येक दिवसाची आडवी बेरीज करी, प्रत्येक सदराची उभी बेरीज करी, आणि दोन्हींची मिळून येणारी एकूण रक्कम एकच आली म्हणजे वही मिटवी. न आल्यास जेवण उशिरा होई.

आता त्या चुकीकडे येतो. १९७१ सालच्या परीक्षेत बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या एका प्रश्नपत्रिकेच्या उत्तरपुस्तिका आमच्याकडे तपासण्यास होत्या. त्या परत पाठविण्यापूर्वी प्रत्येक क्रमांकापुढे प्रश्नवार गुण आणि एकूण गुण आपल्या वहीत उतरवून ठेवण्याची आमची पद्धत होती. कोणता प्रश्न मुलांना जड गेला याचा अंदाज त्यावरून येत असे. वहीत नावे नसत, केवळ आसनक्रमांक असत. निकाल लागला, सुट्टी सरली, श्रावण आला. पावसाने बाहेर पडता येईना, म्हणून सौ.ला विरंगुळा म्हणून आम्ही ती वही दिली आणि प्रत्येक प्रश्नाची उभी बेरीज करण्यास सांगितले.

संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, उभी आणि आडवी जुळत नाही. दहाचा फरक येतो.”

आम्ही पुस्तकातून डोके वर न काढता म्हणालो, “तुझीच उभी चुकली असेल.”

“मी तीनदा केली.”

“मग चौथ्यांदा कर.”

हे संभाषण आम्ही शब्दशः सांगत आहोत. ५४ वर्षांत ते विसरता आलेले नाही. तिने चौथ्यांदा बेरीज केली. मग काही न बोलता ती एकेक आडवी ओळ तपासू लागली, आणि दिवेलागणीच्या सुमारास एका ओळीवर बोट ठेवून तिने वही आमच्यासमोर धरली. त्या ओळीत चार प्रश्नांचे गुण होते ११, ९, ६ आणि ७. एकमस्थानची बेरीज तेवीस. तेविसाचे तीन, हातचे दोन. आम्ही हातचा एकच धरला होता. तेहतीस व्हावयाचे ते तेवीस झाले होते, आणि उत्तीर्ण होण्यास तेहतीसच हवे होते.

पहिलीदुसरीतील मुलाच्या पाटीवर ही चूक आढळली असती तर आम्ही त्याला पुन्हा कर म्हणालो असतो. येथे पाटी पुसून टाकता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही संबंधित कचेरीत गेलो. तेथील गृहस्थांनी आम्हास बसावयास खुर्ची दिली, पानही दिले, आणि निकाल जाहीर झालेला आहे, विद्यार्थ्याची तक्रार नाही, तेव्हा आपण मनास लावून घेऊ नये, असा प्रेमळ सल्लाही दिला. आम्ही अर्ज दिला. अर्जाला क्रमांक पडला. मग दुसरा अर्ज, मग उत्तरपुस्तिका शोधण्याविषयीचे स्मरणपत्र. सुधारलेले गुणपत्रक निघाले ते १९७२ च्या फेब्रुवारीत. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि घरी येऊन सौ.ला म्हणालो की, झाले एकदाचे काम.

तिने विचारले, “त्या मुलाला कोणी सांगितले?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. कागद सुधारला म्हणजे चूक सुधारली, असे आम्ही धरून चाललो होतो.

महाविद्यालयाच्या नोंदवहीतून पत्ता काढला. मुलगा मदनपुऱ्याचा, विणकरांच्या मोहल्ल्यातला होता. नापास झाल्यावर त्याने कॉलेज सोडले होते. एका रविवारी आम्ही उभयता त्या गल्लीत गेलो. दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट, आणि खाली खड्ड्यात पाय सोडून बसलेले विणकर. त्या मुलाचे वडील नक्शेबंद होते. बनारसी वस्त्रावर जी वेलबुट्टी उमटते तिचा आराखडा आधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडावी लागतात. मागावर भोक आले तेथे धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे तो खालीच राहतो. अत्यंत बारीक नजरेचे हे काम. वडिलांची नजर मंद होत चालली होती, आणि मुलगा त्यांच्या जागी बसू लागला होता.

आम्ही गुणपत्रक पुढे केले आणि झालेला प्रकार सांगितला. मुलाने ते वाचले, घडी घातली आणि विचारले, “मास्टरसाहेब, आता याचा काय उपयोग?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवे होते. वर्ष जवळजवळ संपले होते, घरची जबाबदारी अंगावर आलेली होती. पुढच्या वर्षी पुन्हा ये, फी आम्ही भरू, असे आम्ही म्हणालो. त्याने मान हलविली. ती होकाराची नव्हती.

त्या अवघडलेल्या शांततेत त्याच्या वडिलांनी चहा मागविला आणि सौ.ला विचारले की, तुम्हाला हिशेब कोणी शिकविला. तिने आजोबांचे आणि पाढ्यांचे सांगितले. औटकीचे नाव काढताच वृद्धाचा चेहरा उजळला. इकडे त्याच पाढ्याला हूँठा म्हणतात. ते एक ओळ हिंदीतून म्हणत, ती दुसरी मराठीतून म्हणे. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असे दोघे चढत गेले. गणिताचा प्राध्यापक मधे हात जोडून बसला होता.

त्यानंतर आम्ही तेथे जात राहिलो. प्रथम कर्तव्य म्हणून, पुढे सवयीने. चौथ्या की पाचव्या भेटीत त्या मुलाने एक कागद आमच्यापुढे सरकविला. काठाची नक्षी ३६ ओळींनी फिरून पहिल्यापासून सुरू होत होती आणि अंगावरच्या बुट्टीची ४० ओळींनी. दोन्ही नव्याने एकाच ओळीवर कोठे सुरू होतील, हे त्याने कागदाला कागद जोडून, बोटाने मोजून काढले होते. उत्तर ३६० ओळी. काठाचे १० फेरे, बुट्टीचे ९. आम्ही आनंदाने म्हणालो की, हा तर लघुत्तम साधारण विभाज्य, हे गणित एका ओळीत सुटते. आम्ही ते करून दाखविले.

तो म्हणाला, “हे शाळेत शिकलो होतो. हे कशासाठी, ते कोणी सांगितले नव्हते.”

हे वाक्य आम्ही आमच्या सेवाकाळातील खरे प्रशस्तिपत्रक समजतो, आणि त्यात आम्ही नापास आहोत. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत हे उदाहरण दरवर्षी वर्गात सांगितले, आणि कोणताही नवा विषय सुरू करण्यापूर्वी ‘हे कशासाठी’ याचे उत्तर आपल्यापाशी आहे का, हे घरून तपासून निघालो. सर्वच वेळी ते उत्तर नसे. अशा वेळी मुलांना तसे सांगू लागलो. त्याने आमचा मान कमी झाला असे दिसले नाही.

१९७३ पासून त्यांच्याच ओसरीवर दर रविवारी सकाळी मोहल्ल्यातील मुलांसाठी आमचा गणिताचा वर्ग सुरू झाला आणि तो २० वर्षांहून अधिक काळ चालला. मानपत्रात त्याचा उल्लेख ‘निरपेक्ष समाजसेवा’ असा आहे. तो शब्द कृपा करून काढावा. ज्याचे देणे असते तो हप्ते भरतो. त्याला कोणी दाता म्हणत नाही. १९९२ च्या डिसेंबरात सगळ्या देशाचेच वातावरण तापले आणि काही आठवडे वर्ग बंद ठेवावा लागला. पुन्हा सुरू केला त्या रविवारी किती मुले येतील याची आम्हास धास्ती होती. ओसरीवर पोहोचलो तर फळा पुसून, खडू ठेवून तयार होता, आणि मुलांच्या आधी त्यांच्या आया आमच्या सौ.ची विचारपूस करावयास दाराशी उभ्या होत्या.

आता घराविषयी. बाहेर जो माणूस शहाणा होतो तो घरातही शहाणा होतोच असे नाही. आमचे चिरंजीव १९६९ चे. त्यांना गणिताची धास्ती होती, आणि त्या धास्तीचे कारण गणित नव्हते, आम्ही होतो. परक्याच्या मुलाला चौथ्यांदा शांतपणे समजावून देणारे आम्ही घरच्या मुलाला दुसऱ्यांदा सांगताना आवाज चढवीत असू. १९८४ साली हायस्कूलच्या परीक्षेत त्यांना गणितात जेमतेम गुण पडले. त्या रात्री आम्ही जे बोललो ते येथे सांगण्यासारखे नाही. मुलगा निजल्यावर सौ. म्हणाली, “मदनपुऱ्यात तुम्ही माणूस असता. घरात आलात की प्राध्यापक होता. याला वडील कधी मिळायचे?”

बेरजेतील चूक आडव्या-उभ्या ओळींनी सापडली. ही चूक सापडण्यास मुलगा पंधरा वर्षांचा व्हावा लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याला काय करावे ते कळेना, आम्हासही कळेना. मग आम्ही दोघे घाटावर जाऊन नावेत बसलो आणि पलीकडच्या वाळूत तास दोन तास काही न बोलता हिंडलो. त्यानंतर त्याने गणित कधी आपलेसे केले नाही, परंतु आमच्याशी बोलू लागला. तो आता पुण्यात असतो, बँकेतून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, आणि दर रविवारी फोन करतो. हे उत्तर आम्ही बरोबर धरतो.

कन्येचा जन्म १९७२ चा. १९९६ साली तिचे लग्न ठरले. मराठी घरात लग्नाला बनारसी शालू हवा, आणि आम्ही तर बनारसचेच. शालू कोणाकडून घ्यावयाचा हा प्रश्नच नव्हता. ‘तो मुलगा’ आता त्रेचाळीस वर्षांचा नावाजलेला कारागीर झाला होता. शालू तयार झाला. आम्ही किंमत विचारली. त्याने एक कागद घेतला आणि त्यावर रेशीम, जर, नक्शा, मजुरी असे आकडे एकाखाली एक लिहिले, खाली रेघ ओढली, आणि कागद व लेखणी आमच्या हाती देऊन म्हणाला, “बेरीज तुम्ही करा, मास्टरसाहेब.”

२५ वर्षांत त्याने त्या गोष्टीचा एका शब्दाने उल्लेख केला नव्हता. आम्ही वरून खाली बेरीज केली, खालून वर केली, आणि तरी विश्वास न वाटून कागद सौ.कडे दिला. तो बाजूने पाहत होता. मग म्हणाला, “हासिल धरलंत ना?” आणि मोठ्याने हसला. त्याचे हसणे ऐकून आतल्या खोलीतील मंडळी बाहेर आली. आम्हास क्षमा मिळाली असे आम्ही म्हणणार नाही. त्याने ती शब्दांनी कधी दिली नाही. परंतु त्या दिवशी चहा फार गोड लागला.

हिंदीत हातच्याला ‘हासिल’ म्हणतात. हासिल म्हणजे जे प्राप्त झाले ते. आपण ‘हातचा’ म्हणतो, म्हणजे जे हाती राहिले ते. दोन्ही भाषांतील शहाण्या माणसांनी एकाच जागी बोट ठेवले आहे. एका घरात जे मावत नाही ते टाकून द्यावयाचे नसते, पुढच्या घरात न्यावयाचे असते. आणि आपण ते नेले की नाही हे मांडलेल्या आकड्यांत कोठेही दिसत नाही. ते केवळ उत्तरात दिसते.

वर्गात दरवर्षीच्या शेवटच्या दिवशी आम्ही एक खेळ खेळत असू, तो आज आपणासमवेत खेळतो. देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली ही गंमत. आपल्या मंडळाचे जन्मवर्ष १९७५ घ्या. त्यातील अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ९७५१, चढत्या क्रमाने १५७९. वजाबाकी ८१७२. पुन्हा तसेच करा : ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. पुढे ७४४३ वजा ३४४७, उत्तर ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, उत्तर ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, उत्तर ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता थांबा, कारण ६१७४ ला हीच क्रिया लावली की पुन्हा ६१७४ च येतात. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती येथेच येऊन पोहोचते. हे शोधणारे गृहस्थ विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. शाळेत शिकवीत, आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला ते कळले. विद्या कोणाच्या ओसरीवर बसलेली असेल हे सांगता येत नाही, एवढेच आम्ही विद्यार्थ्यांना त्यावरून सांगत असू.

त्याच १९७५ साली आपले मंडळ स्थापन झाले. घाटांवरची मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्यांची; परंतु विश्वविद्यालय, रेल्वे इंजिनांचा कारखाना, बँका यांत नोकरीनिमित्त आलेल्या आम्हा मंडळींना एकत्र येण्यास जागा नव्हती. पहिली सभा एका सभासदाच्या गच्चीवर भरली आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून आम्हास एकमताने खजिनदार करण्यात आले. चार वर्षांपूर्वीच्या बेरजेची त्या सभासदांना कल्पना नव्हती. आज सांगावयास हरकत नाही : पहिली नऊ वर्षे मंडळाच्या वह्यांवर सही आमची होती, आडवी-उभी बेरीज सौ.ची होती. लेखापरीक्षकांनी एकदाही चूक काढली नाही. मानपत्रातील ते वाक्य नावाचा बदल करून तिला द्यावे, अशी आमची अध्यक्षांना विनंती आहे.

मंडळापुढे पुढील ५० वर्षे आहेत. आमच्या नातवाला ‘एकोणसत्तर’ म्हटले की तो क्षणभर थांबून ‘म्हणजे सिक्स्टी नाइन ना?’ असे विचारतो, आणि तो तर पुण्यात वाढलेला आहे. येथील आपल्या मुलांचे काय सांगावे! त्यांना उनहत्तर कळते, एकोणसत्तर कळत नाही. सौ. आता ७८ वर्षांची आहे. गणेशोत्सवात चार मुलांना घेऊन ती औटकी म्हणवून घेते, तेव्हा या पाढ्याचा आज काय उपयोग असे आम्ही आता विचारीत नाही. मदनपुऱ्याच्या त्या ओसरीवर त्याचा उपयोग आम्ही पाहिला आहे. मंडळाने या चार मुलांची चाळीस करावीत, आणि त्यांत शेजारच्या हिंदी घरांतील मुलेही असावीत, एवढे मागणे आहे.

काल संध्याकाळी आम्ही मदनपुऱ्यात जाऊन आलो. मागांची संख्या आता कमी झाली आहे, आणि त्याची दोन्ही मुले सुरतेस असतात. आमचा मुलगा पुण्यात, त्याची सुरतेत. दोघे म्हातारे एका बाजेवर बसून आपापल्या मुलांच्या फोनची वाट पाहतो. उद्याच्या समारंभात तुमची गोष्ट सांगावी असे मनात आहे, चालेल का, असे आम्ही विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सांगा. नाव घेऊ नका. आणि आकडे बरोबर सांगा.”

अकरा, नऊ, सहा आणि सात. तेहतीस. हातचे दोन.